नोकरी सोडण्याआधी वही उघडू या

संध्याकाळच्या भाकरीची वेळ आहे. हात चालू द्या, कान तेवढे इकडं ठेवा.

आज आमच्याच एका गटातली गोष्ट सांगणार आहोत. गाव मोहोळ तालुक्यातलं. ताईंचं नाव सांगत नाही. "हिशेब सगळा सांगा, नाव तेवढं नको," असं त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच आहे. पण हिशेब त्यांच्या परवानगीनं सांगतोय, कारण गेल्या वर्षभरात हाच प्रश्न आम्हाला चार गावांत चार जणींनी विचारला: "ताई, ऑनलाइन धंदा चांगला चाललाय, नोकरी सोडू का?"

या ताई चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. सात वर्षं चार महिने झाले. सकाळी ६ वाजून ४० मिनिटांची कंपनीची बस, दिवसभर उभं राहून काम, पाच वाजता घरी. घरी आल्यावर कडक भाकरी आणि शेंगा चटणी. सोलापूरकडच्या बायकांना कडक भाकरी काय असते ते सांगायला नको. पातळ थापायची, मंद आचेवर वाळेपर्यंत शेकायची, मग ती कितीतरी दिवस टिकते. तालुक्याच्या प्रदर्शनात गटाचा स्टॉल होता, तिथं पुण्याच्या एका बाईंनी फोन नंबर मागून घेतला. तिथून सुरुवात. मग कॉलेजला जाणाऱ्या पुतणीनं पेज काढलं आणि काकूचा भाकरी थापतानाचा रील टाकला. तो दसऱ्याच्या सुमारास असा काही चालला की लाखाच्या वर लोकांनी बघितला. दिवाळीच्या महिन्यात ३८,४०० रुपयांचा माल गेला. पगार हातात येतो बारा हजार.

संक्रांतीनंतरच्या बैठकीला ताई आल्या त्या राजीनामा लिहूनच. "मायना बरोबर आहे का बघा," म्हणाल्या.

खरं सांगायचं तर आम्ही आधी टाळ्याच वाजवल्या. आपल्या गटातली बाई नोकरी सोडून स्वतःच्या धंद्याची मालकीण होते म्हटल्यावर कुणाला आनंद होणार नाही? शिवाय आम्हा समन्वयकांच्या अहवालात लखपती दीदींच्या यादीत एक नाव वाढलं असतं. हे कबूल केलेलं बरं. गटातल्या सगळ्यांत जुन्या सदस्य, सत्तरीच्या आजी, त्या तेवढ्या गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "म्हैस आटल्याबिगर कुणी इकत न्हाई. तुझी आटली का?"

मग आम्ही वही काढली. गटात आपण कर्जाचा हप्ता पैशापैशानं लिहितो, पण धंद्याचा हिशेब मात्र डोक्यात ठेवतो. ताईंचंही तसंच होतं. पुतणीच्या फोनमधल्या ऑर्डरी, कुरिअरच्या पावत्या, किराणा दुकानाची उधारीची वही असं सगळं समोर घेऊन ऑगस्ट ते जानेवारी सहा महिन्यांचा हिशेब मांडला. दोन बैठका गेल्या त्यात.

सहा महिन्यांची विक्री ९९,५०० रुपये. ऐकायला लाखच. पण त्यातले ३८,४०० एकट्या दिवाळीच्या महिन्याचे. बाकीचे महिने नऊ हजारांपासून चौदा हजारांपर्यंत. आता खर्च ऐका. ज्वारी, शेंगदाणे, मिरची, लसूण, तेल मिळून ३८,६००. गॅस आणि दळण ६,२००. खोकी, पिशव्या, लेबलं ९,७००. कुरिअर १७,८००. वाटेत तुटलेला आणि परत आलेला माल ४,९००. रिचार्ज १,८००. बेरीज ७९,०००. उरले २०,५००. सहानं भागा. महिन्याला साडेतीन हजारही भरत नाहीत.

ताईंचा चेहरा उतरला. पण हिशेब अजून संपला नव्हता. आम्ही विचारलं, तुम्ही तर दिवसभर कारखान्यात, मग भाकऱ्या कोण थापत होतं? निम्म्याहून जास्त जाऊबाईंनी. त्यांना काय दिलं? "दिवाळीला साडी घेतली की!" जाऊबाई मागच्या ओळीत बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. त्यांचे महिन्याचे तास जोडले तर पूर्ण दिवस आठ तरी भरतात. आमच्याकडं खुरपणीला ३०० रुपये रोज मिळतो, त्या हिशेबानं २,४०० झाले. म्हणजे ताईंच्या हाती महिन्याला हजार रुपये राहिले, आणि त्यात त्यांची स्वतःची रात्रीची जागरणं धरलेलीच नाहीत.

मैत्रिणींनो, हे आम्ही सगळीकडं बघतो. ज्वारी विकत आणली की लिहितो, घरच्या बाईचे हात फुकट धरतो. मग धंदा फायद्यात दिसतो. जाऊबाई उद्या आजारी पडल्या किंवा माहेरी गेल्या, तर मजूर लावावा लागेल आणि खरा आकडा तेव्हा कळेल.

आता दुसरं पान, पगाराचं. ताई म्हणत होत्या, पगार बारा हजार. आम्ही पगाराची चिठ्ठी मागितली. एकूण पगार १३,५००, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,०००. त्यावर १२ टक्के पीएफ म्हणजे १,४४० रुपये ताईंचे कापतात आणि तेवढेच कंपनी घालते. कंपनीच्या वाट्यातले सुमारे हजार रुपये पेन्शनच्या खात्यात जातात. ईएसआयचे ताईंकडून १०२ कापतात, कंपनी ४३९ भरते. शिवाय ग्रॅच्युइटी. पाच वर्षं पुरी झाली की नोकरी सोडताना दर वर्षाला १५ दिवसांचा पगार मिळतो, महिना २६ दिवसांचा धरून. ताईंच्या सात वर्षांचे ४८ हजारांच्या वर होतात. हे त्यांना माहीतच नव्हतं. राजीनाम्यात त्याचा उल्लेख नव्हता, कंपनीकडं मागायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. सगळं जोडलं तर ही नोकरी महिन्याला सोळा हजारांच्या घरात जाते. दिवाळीचा बोनस वेगळा.

पेन्शनचं तर नीट ऐका. ती मिळण्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागते. ताईंची झालीत सात वर्षं चार महिने. आत्ता सोडली तर पेन्शनच्या खात्यातले पैसे काढून घेता येतात, किंवा योजनेचं प्रमाणपत्र घेऊन ठेवता येतं आणि पुढं दुसरीकडं नोकरी लागली तर आधीची वर्षं त्यात धरली जातात. पण पुढं नोकरीच केली नाही तर म्हातारपणी महिन्याला येणारा पैसा गेला.

आणि ईएसआय. गेल्या पावसाळ्यात ताईंच्या मालकांचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं, ते ईएसआयवर झालं, खिशातून औषधाचाही खर्च नाही. ताई स्वतः आजारी पडल्या तर डॉक्टरांच्या दाखल्यावर पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कुणी म्हणेल, महात्मा फुले योजना आहे की. आहे, आणि ज्यांच्याकडं दुसरं काही नाही त्यांनी तिचा लाभ घ्यावाच. पण ती दवाखान्यात दाखल होऊन करायच्या ठराविक उपचारांसाठी आहे. घरी पडून राहिलात तर बुडालेली मजुरी ती देत नाही.

एवढं झाल्यावर एकीनं विचारलं, "मग काय, बाईनं जन्मभर पॅकिंगच करायचं का?" प्रश्न खरा होता. आम्ही ताईंना विचारलं, पैशाचं बाजूला ठेवा, सोडायची का आहे? तेव्हा त्या बोलल्या. पायांच्या शिरा फुगल्यात, रात्री झोप लागत नाही. मुलगी दहावीला जाणार, तिच्याजवळ कुणी नाही. आणि भाकरीच्या पेजवर लोक ताई म्हणून नाव घेऊन बोलतात, कारखान्यात नुसता नंबर आहे. यातलं एकही कारण वहीत बसत नाही, आणि एकही खोटं नाही. ज्या बाईला आठ तास उभं राहवत नाही तिला पेन्शनचा हिशेब किती दिवस ऐकवणार?

म्हणून आम्ही 'सोडा' म्हणालो नाही आणि 'सोडू नका' असंही नाही. राजीनामा गटाच्या पेटीत ठेवला. ताईंची पगारी रजा शिल्लक होती. मार्चमध्ये बारा दिवस रजा टाका, म्हटलं, आणि नोकरी सोडल्यासारखंच सकाळपासून धंदा करून बघा. मार्चच का? दिवाळीसारखा सण नाही, लग्नसराईची घाई नाही, साधा महिना. दिवाळीत कुणाचाही माल खपतो.

त्याआधी दोन-तीन गोष्टी सुधारायच्या होत्या. माल पोचल्यावर पैसे ही पद्धत बंद केली. परत आलेल्या पार्सलांतली बहुतेक तीच होती. भाकरी जाऊन-येऊन चुरा होते आणि दोन्हीकडचं कुरिअर आपल्या अंगावर. आता आधी पैसे, मग पार्सल. त्यात एका गिऱ्हाइकानं 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असं सांगितलं होतं. पुतणी हुशार, तिनं फोन ठेवून दिला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. खोकं जाड घेतलं. भाव दहा टक्क्यांनी वाढवला. सगळ्यांना वाटलं गिऱ्हाईक तुटेल, दोनच तुटली.

कागदांचंही पाहिलं. अन्नसुरक्षेची नोंदणी होती, आम्ही काढली तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती. तो चौदा आकडी नंबर, वजन, किंमत आणि बनवल्याची तारीख लेबलवर हवीच. पण ताईंनी हैदराबाद आणि बंगळुरूलाही चटणी पाठवली होती. आपल्या राज्यात विकताना वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ॲपवरून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही ही सूट आहे. मात्र चटणीसारखा, ज्यावर जीएसटी आहे असा माल परराज्यात विकायचा तर विक्री कितीही लहान असो, नोंदणी लागते. आमच्या सोलापूरकरांना तर कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळं हे लक्षातच येत नाही. ताईंनी तूर्त राज्याबाहेरच्या ऑर्डरी थांबवल्या.

तर मार्चचे बारा दिवस. भाकऱ्या भरपूर झाल्या. हात मोकळे होते, जाऊबाई सोबत होत्या, दिवसाला पावणेदोनशेपर्यंत भाकरी निघाली. पण ऑर्डरी आल्या तेवीस. चौथ्या दिवशी पेजचं खातंच उघडेना. का, ते सांगणारं कुणी नाही, भेटायला जावं असं ऑफिस नाही. पाच दिवसांनी आपोआप उघडलं. आपलं दुकान दुसऱ्याच्या जागेत आहे हे त्या पाच दिवसांत कळलं. त्या तेवीस ऑर्डरींतल्या सोळा जुन्या गिऱ्हाइकांच्या, थेट फोनवर आलेल्या होत्या. आता प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, पत्ता वहीत उतरवून ठेवतात.

म्हणजे अडचण वेळेची नव्हतीच, गिऱ्हाइकाची होती. नोकरी सोडून वेळ मिळाला असता, पण तो वेळ रिकामाच गेला असता.

आणखी एक गोष्ट, जी बैठकीत नाही, नंतर आमच्याशी एकट्यानं बोलताना निघाली. घरात ठरलं होतं की नोकरी सोडली की पीएफ काढायचा आणि त्यातून भाकरीचं मशीन घ्यायचं. सव्वा लाख रुपये. मशीनचं बिल मालकांच्या नावावर होणार होतं. आम्ही एवढंच म्हणालो, पीएफ तुमच्या नावावरचा एकमेव पैसा आहे; घराचा उतारा, जमीन, मोटरसायकल यातलं काहीच तुमच्या नावावर नाही. नोकरी सुटल्यावरही पैसे तिथं ठेवले तर व्याज मिळतं, लगेच काढायची सक्ती नसते. मशीन घ्यायचंच असेल तर गटाचं कर्ज आहे, बिल आणि उद्यम नोंदणी तुमच्या नावानं करा. उद्यम नोंदणीला पैसे पडत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. भाऊजींना राग आला असणार. चार दिवस त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. मग एकदा स्वतःच पार्सलं घेऊन स्टँडवर निघालेले दिसले.

सध्या असं चाललंय. ताई नोकरीवर आहेत. कारखान्यात विनंती करून त्यांनी बसून करायचं, लेबल तपासायचं काम मागून घेतलं. सात वर्षांत कधी मागितलंच नव्हतं. भाकरीचं काम जाऊबाई बघतात. त्यांना भाकरीमागं मजुरी मिळते आणि महिन्याच्या शेवटी उरलेल्या पैशात निम्मा वाटा. मे महिन्यात त्यांच्या हाती ३,१०० रुपये आले. लग्नाला चौदा वर्षं झाली, एवढी रक्कम त्यांच्या स्वतःच्या नावानं पहिल्यांदाच आली. आम्ही ताईंच्या प्रश्नावर बसलो होतो आणि मार्ग जाऊबाईंचा निघाला, हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

दिवाळी सोडून सलग सहा महिने, सगळ्यांची मजुरी वजा करून, ताईंच्या वाट्याला दहा हजार उरले तर राजीनामा पेटीतून काढायचा, असं ठरलंय. आकडा ताईंनीच ठरवला. सोळा का नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "सहा हजार मी माझ्या पायांना दिले."

सगळ्यांचं असंच होईल असं नाही. शेजारच्या गावातल्या एका ताई खासगी शाळेत सहा हजारांवर होत्या. पीएफ नाही, सुट्टीत पगार नाही, तीन-तीन महिने पगार तुंबलेला. त्यांनी पापड-कुरडईसाठी ती सोडली तेव्हा आम्ही एकदाही अडवलं नाही. त्या नोकरीत सोडण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

तुमच्यापैकी कुणी या विचारात असेल तर पगाराची चिठ्ठी आणि सहा महिन्यांचा विक्रीचा हिशेब घेऊन गटाच्या बैठकीला या. चिठ्ठी मिळत नसेल तर ती मागण्यापासून सुरुवात करू. आणि घरात जिचे हात धंद्याला लागतात, तिलाही सोबत घेऊन या, मागच्या ओळीत बसवू नका.