पिवळी पिशवी आणि नववीचं पुस्तक

मी कोड लिहिणारा माणूस, जीवशास्त्र दहावीनंतर सोडलं. शाळेत एक ओळ मात्र पाठ केली होती : अस्थी, कूर्चा आणि रक्त या संयोजी ऊती आहेत. एक मार्क मिळाला, विषय संपला. हाड आणि रक्त एकाच गटात कसे, हे विचारायचं राहूनच गेलं.

मागच्या वर्षी बाबांना डेंग्यू झाला. प्लेटलेट खूप उतरल्या, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. रक्तपेढीत धावलो, तर हातात पिवळसर पिशवी! म्हटलं, "काका, हे रक्तच ना?" काका हसले. आत एक यंत्र पिशव्या सावकाश झुलवत होतं. "या फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. बावीस अंशांच्या आसपास, सतत हलवत ठेवायच्या. पाच दिवसांत मुदत संपते. आज दोनच उरल्यात."

तेव्हा ती ओळ कळली. संयोजी ऊती म्हणजे पेशी आणि त्यांच्याभोवतीचा आधारक. हाडाचा आधारक कॅल्शियममुळे टणक असतो. रक्ताचा आधारक पातळ, तो म्हणजे प्लाझ्मा, रक्ताचा साधारण 55 टक्के भाग. दोन्ही ऊती गर्भाच्या मधल्या थरातून घडतात. आणि मोठ्या माणसाच्या रक्तपेशी बनतात कुठे? हाडांच्या मगजात! इतर संयोजी ऊतींत धागे असतात, मग रक्तात कुठे? तेही आहेत, पण फायब्रिनोजेनच्या रूपात विरघळलेले. जखम झाली की त्याचे फायब्रिनचे धागे होतात, जाळी विणली जाते. त्या जागी आधी चिकटून बसतात त्या प्लेटलेट. बाबांकडे नेमक्या त्याच कमी होत्या.

म्हणजे रक्त हे टाकीत भरून ठेवायचं तेल नाही. ती जिवंत ऊती आहे, म्हणूनच तिला मुदत आहे. तांबड्या पेशी शरीरात सुमारे 120 दिवस जगतात. पिशवीत, योग्य द्रावण घालून फ्रीजमध्ये ठेवल्या, तरी जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात.

आपल्याकडे जयंतीला, वाढदिवसाला मोठी शिबिरं होतात. चांगलंच आहे. पण त्या दिवशीच्या प्लेटलेट पुढच्या आठवड्यातल्या पेशंटला मिळत नाहीत. सर्व्हरवरचा लोड आपण वाटून देतो ना, तसंच रक्तदानही वर्षभर वाटलं गेलं पाहिजे.

बाबा सहाव्या दिवशी घरी आले. ती पिशवी कोणी दिली, मला माहीत नाही. मी फोनमध्ये दर तीन महिन्यांचा रिमाइंडर लावलाय. बायकांसाठी हे अंतर चार महिन्यांचं. तुम्हीही लावा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.