मनातलं आणि मापातलं

(मंडळाच्या महिला शाखेच्या श्रावणातील मंगळागौर मेळाव्यात चौघींच्या वतीने एकीने केलेलं हे भाषण. अनेकींच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



झिम्मा-फुगड्या खेळून तुम्ही दमला आहात. मागून भाजणीच्या वड्यांचा वास येतो आहे. त्यामुळे फार वेळ घेणार नाही. पण आज आम्ही जे बोलणार आहोत ते आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून कधी बोललं गेलेलं आम्हाला आठवत नाही.

आम्ही चौघी याच मंडळाच्या. चौघीही बडोद्यातच वाढलेल्या किंवा लग्न होऊन इथे आलेल्या. सगळ्यांत लहान 38 वर्षांची, सगळ्यांत मोठी 71 वर्षांची. चौघींनाही स्तनाचा कर्करोग झाला आणि चौघींचाही एका बाजूचा स्तन काढावा लागला. एकीचं ऑपरेशन इथेच झालं, दोघी अहमदाबादला गेल्या, एक रात्रीच्या गाडीने मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये. रोगाबद्दल आणि औषधांबद्दल डॉक्टरांनीच बोलावं. आम्ही बोलणार आहोत ते त्यानंतरच्या एका साध्या गोष्टीबद्दल : रोज सकाळी आंघोळ झाल्यावर आत काय घालायचं?

तीन वर्षांपूर्वी याच सभागृहात, याच मेळाव्यात आमच्यातली एक जण फुगडी खेळायला उठली. ऑपरेशनला सात महिने झाले होते. नेहमीच्याच ब्रेसियरमध्ये एका बाजूला कापूस आणि घडी घातलेला रुमाल ठेवला होता. दोन गिरक्या झाल्या आणि रुमाल सरकून गळ्याशी आला. तिने पदर घट्ट धरला, डोकं दुखतंय म्हणाली आणि प्रसाद न घेताच घरी गेली. पुढचे दोन श्रावण ती आली नाही. हळदीकुंकवाला नाही, गणपतीतल्या अथर्वशीर्षाच्या आवर्तनांनाही नाही. आपल्याला वाटलं, तिचं दुखणं वाढलं असेल. दुखणं वाढलं नव्हतं. रुमाल सरकला होता, एवढंच.

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून झालं. घरी सोडताना मिळालेल्या फायलीत गोळ्या होत्या, पुढची तारीख होती, हाताचे व्यायाम होते. आतल्या कपड्यांबद्दल एक ओळही नव्हती. घरी मुलाला विचारता येत नाही, सासूबाईंना विचारायचा संकोच, आणि दुकानात गेलं तर काउंटरपलीकडे पुरुष विक्रेता. आमच्यातली दुसरी एक जण अशा एका दुकानातून काही न घेताच परत आली होती.

"या वयात आता कोणाला दाखवायचंय?" हेही आम्ही ऐकलं आहे, घरातल्यांकडून आणि बाहेरच्यांकडूनही. त्याचं उत्तर आधी देतो. प्रश्न दाखवण्याचा नाही. स्तनाला वजन असतं. भरलेल्या अंगाच्या बाईचा एक स्तन गेला की छातीवरचा भार एकाच बाजूला राहतो. नकळत एक खांदा वर जातो, मान आणि पाठ दुखायला लागते, ब्राचा एक पट्टा सारखा घसरतो. वजनाचं पॅड घातल्यावर आमच्यातल्या 71 वर्षांच्या काकूंची मान दुखायची थांबली. त्यांना आरशाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना सरळ बसून पोथी वाचायची होती.

आणि हेही तितकंच खरं, की काहीच न घालणं हीसुद्धा एक निवड आहे. आमच्यातली एक जण काहीही घालत नाही. सैल कुर्ता घालते, स्कूटर चालवते, भाजी आणते, ऑफिसला जाते. तिला तेच सुखाचं वाटतं. तिला कोणी "घालत जा गं" म्हणू नये आणि आम्हाला कोणी "कशाला घालता?" म्हणू नये.

आता कामाचं बोलतो.

पहिली गोष्ट, घाई करू नका. जखम ताजी असताना फक्त मऊ सुती शमीज किंवा पुढे हुक असलेली सैल ब्रा घाला. हात वर होत नाही, त्यामुळे डोक्यावरून घालायचे कपडे त्या दिवसांत नकोत. आत ठेवायचं असेल तर कापसाचं किंवा फोमचं हलकं पॅड. सिलिकॉनचं वजनदार पॅड साधारण 6 ते 8 आठवड्यांनी, जखम पूर्ण भरल्यावर आणि आपल्या सर्जनना विचारूनच. किरणोपचार, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो, ते चालू असतील तर कातडी पूर्ववत होईपर्यंत आणखी थांबावं लागतं.

दुसरी गोष्ट, पॅडचे प्रकार. फोमचं पॅड हलकं आणि स्वस्त, घरात आणि झोपताना बरं. पण हलकं असल्यामुळे ते वर चढतं. सुती दोऱ्याने विणून आत फायबर भरलेलं पॅड उन्हाळ्यात फार चांगलं, घाम शोषतं आणि धुता येतं. सिलिकॉनचं पॅड खऱ्या स्तनासारखं वजनाचं असतं, अंगाच्या उबेने कोमट होतं आणि चालताना नैसर्गिक हलतं. त्याला काही हजार रुपये पडतात. त्यातही हलक्या वजनाचे प्रकार मिळतात. स्तनाचा थोडाच भाग काढला असेल तर अर्धं, पातळ पॅडही मिळतं. पूर्वीच्या बायका राळ्याची किंवा मोहरीची पुरचुंडी ठेवत. वजनाची कल्पना बरोबर होती, पण घामाने धान्याला वास येतो, नाजूक कातडीला ते टोचतंही. ते आता नको.

इथे एक गोष्ट सांगतो. तुमच्या नातींच्या हातात जी बार्बी बाहुली असते, ती 1959 साली बाजारात आणली अमेरिकेतल्या रूथ हँडलर यांनी. 1970 साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाला आणि स्तन काढावा लागला. तेव्हा दुकानात मिळणारी पॅडं त्यांना इतकी ओबडधोबड वाटली की एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी स्वतःच नवी बनवायला घेतली. "निअरली मी" या नावाने ती विकली आणि दुकानादुकानांत जाऊन त्या स्वतः बायकांना ती बसवून देत. डाव्या बाजूचं पॅड वेगळं आणि उजव्या बाजूचं वेगळं असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आपण चपला घेतानाही डावी-उजवी बघतो, मग हे तर दिवसभर छातीशी असणारं. आज काही पॅडं दोन्ही बाजूंना चालतात, काही बाजू ठरवून केलेली असतात. घेताना हे विचारा.

तिसरी गोष्ट, ब्रा. पॅड कितीही चांगलं असलं तरी ते धरून ठेवणारी ब्रा बरोबर नसेल तर पैसे वाया. आतून कप्पा असलेली ब्रा घ्या. पट्टे रुंद हवेत, खालची पट्टी रुंद हवी, कप पूर्ण झाकणारा हवा, काखेची बाजू उंच हवी, आणि तार नको. वजन खालच्या पट्टीने पेललं पाहिजे, खांद्याने नाही.

माप घेताना एक युक्ती लक्षात ठेवा. खालच्या पट्टीसाठी नेहमीसारखंच छातीभोवती माप घ्यायचं. पण वरचं माप टेप गोल फिरवून घेतलं तर कमी येतं, कारण एक बाजू सपाट आहे. म्हणून छातीच्या मधल्या हाडापासून, राहिलेल्या स्तनाच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, पाठीच्या मणक्यापर्यंत मोजा आणि येईल त्याची दुप्पट करा.

घालून बघितल्यावर लगेच "बरी आहे" म्हणू नका. दोन्ही हात वर करा. वाका, जणू जमिनीवर रांगोळी काढताय. खाली बसा आणि उठा. खालची पट्टी वर चढली तर ती सैल आहे, खाली दोन बोटं जात नसतील तर घट्ट आहे. मधला भाग छातीला टेकला पाहिजे. वरून पातळ कुर्ता घाला आणि दोन्ही बाजू आरशात सारख्या आहेत का बघा. शक्य असेल तर बरोबर बहीण किंवा मैत्रीण न्या. आम्ही आता एकमेकींबरोबर जातो.

कप्प्याची ब्रा मिळाली नाही तर घरी कप्पा लावता येतो. मऊ जुन्या सुती कापडाचा कपाच्या आकाराचा तुकडा घ्यायचा, आतून कडेने शिवायचा आणि काखेच्या बाजूला पॅड आत जाईल एवढी फट ठेवायची. शिवण छातीच्या बाजूला येऊ द्यायची नाही, व्रणाला घासते. आपल्याकडे शिवणकामात हात चालणाऱ्या कितीतरी जणी आहेत. अर्ध्या तासाचं काम आहे.

चौथी गोष्ट ब्लाऊजची. शिंप्याकडे किंवा शिवणाऱ्या ताईंकडे जाताना पॅड आणि ब्रा घालूनच माप द्या. पुढचा गळा फार खोल नको, नाहीतर वाकल्यावर पॅडची कड दिसते. अस्तर जरूर लावा. ऑपरेशन झालेल्या बाजूचा मुंढा आणि बाही थोडी सैल ठेवा आणि शिवणीत माया जास्त सोडायला सांगा. हात कधी सुजला तर उसवून सैल करता येतं. नवरात्रात गरब्याला जाणाऱ्या मुलींनो, मागे दोऱ्या बांधायची चोळी पॅड धरून ठेवत नाही. आत कप्प्याची ब्रा बसेल अशी पूर्ण पाठीची चोळी शिवा आणि त्या रात्री जड सिलिकॉनऐवजी हलकं पॅड घाला.

हाताच्या सुजेबद्दल दोन शब्द. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, कधी वर्षांनंतरही. खांद्यावर पट्ट्याचा खोल वळ उठत असेल तर ब्रा बदला. हात जड वाटू लागला, अंगठी किंवा बांगड्या घट्ट झाल्या, कातडी लाल झाली, व्रणावर नवी गाठ लागली, तर ब्रा-पॅडचा विचार नंतर, आधी डॉक्टर. आणि राहिलेल्या स्तनाची तपासणी चुकवू नका.

पाचवी गोष्ट, जपणूक. सिलिकॉनचं पॅड रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, टिपून कोरडं करा आणि ज्या साच्याच्या डब्यातून आलं त्यातच ठेवा. त्याचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे आपली सेफ्टी पिन! पदराला पिन लावताना आमच्यातल्या एकीने नव्या पॅडला भोक पाडलं. तेव्हापासून पॅड घालणाऱ्या आम्ही तिघीही पदराची पिन खांद्यावरच, पॅडपासून लांब लावतो. मे महिन्यात आपल्या बडोद्याच्या उन्हात सिलिकॉनखाली घाम साचतो. पॅडवर सुती कव्हर घाला, दुपारी घरी असाल तर ते काढून ठेवा आणि त्वचेला वारा लागू द्या.

आता घरच्यांसाठी. मागे खुर्च्या लावायला थांबलेले बंधूही ऐकत आहेत, बरंच झालं. तुमच्या घरात कोणावर ही वेळ आली तर फळं आणता, देवाला नवस बोलता, तसंच एकदा विचारा : "तुला कपडे नीट बसतायत ना? आपण नवीन आणायला जाऊ या का?" आमच्या काकूंना हे त्यांच्या सुनेने विचारलं. काकू म्हणतात, त्या दिवशी सूनबाईने अर्धं दुखणं काढून घेतलं.

महिला शाखेच्या कपाटात आम्ही एक पिशवी ठेवली आहे. त्यात विणलेली आणि फोमची नवी पॅडं आहेत, कप्पा लावलेल्या दोन नमुन्याच्या ब्रा आहेत, आणि आज सांगितलेलं सगळं लिहिलेली वही आहे. ज्यांना विणता येतं त्यांनी मऊ सुती दोरा घेऊन पॅडं विणून द्यावीत. ज्यांना हवं आहे त्यांनी आमच्यापैकी कोणाच्याही कानात सांगावं. नाव कुठे लिहिलं जाणार नाही, आम्ही घरी येऊ.

शेवटचं. तीन वर्षांपूर्वी प्रसाद न घेता घरी गेलेली आमची मैत्रीण आज इथे होती. मघाशी तुमच्याबरोबर झिम्मा खेळली, दोन फुगड्या घातल्या आणि पिंग्यातही होती. ती कोण ते आम्ही सांगणार नाही, आणि तुम्हालाही ओळखता आलं नसेल. आज काही सरकलं नाही. आता ती वडे वाढायला आत गेली आहे. चला, आपणही जाऊ.