एक मे : आपला दिवस



कॅलेंडरात १ मे ही तारीख लाल शाईने छापतात. त्या दिवशी शाळेवर झेंडा लागतो. कचेऱ्यांना सुट्टी असते. का बरे? आज आम्ही तेच सांगणार आहोत. या एका तारखेला तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट १८८६ सालची. अमेरिकेत शिकागो नावाचे शहर आहे. तेथील मजूर रोज दहा-बारा तास राबत. 'काम आठच तास' अशी मागणी करून १ मे रोजी ते संपावर गेले. पुढे काहींचे प्राणही गेले. म्हणून हा दिवस कामगार दिन झाला. पऱ्हाटीत कापूस वेचणारी बाई कामगारच आहे. तेव्हा हा दिवस तिचाही.

दुसरी गोष्ट १९६० सालची. १९५६ पर्यंत आपला यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता. राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात गेला. त्या राज्यात गुजरातीही होते. मराठी माणसांचे एक राज्य व्हावे म्हणून मोठी चळवळ झाली. शंभराहून अधिक माणसे त्यात मरण पावली. अखेर १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. यशवंतराव चव्हाण आपले पहिले मुख्यमंत्री. पाहा, गाव जागचे हलले नाही, पण चार वर्षांत त्याने तीन राज्ये पाहिली!

तिसरी गोष्ट १९६२ सालची. राज्य आपले झाले, पण कारभार दूर मुंबईला. गावचा रस्ता, शाळा, दवाखाना यांचा विचार गावाजवळच व्हावा, असे ठरले. त्यासाठी एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक. ते आपल्याच जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. पुढे १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. समितीच्या अहवालावरून कायदा झाला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या.

मग आता आपले काम काय?

१ मेला गावात ग्रामसभा भरते. मतदार यादीत ज्याचे नाव, तो तिचा सभासद. कास्तकार असो, मजूर असो, बाई असो की बुवा. पण होते काय? सभेची नोटीस भिंतीवर लागते आणि ती वाचतो कोण? चार जण. मग ठरवितातही तेच चार जण. बाकीचे अंगठा देऊन घरी जातात. रस्ता कागदावर होतो, पाय मात्र चिखलातच!

आता तुम्हांला अक्षर आले आहे. नोटीस स्वतः वाचा. शेजाऱ्याला वाचून दाखवा. सभेत ठराव वाचायला मागा. पटले नाही तर उभे राहून विचारा. सही कराल ती वाचूनच करा. राज्य मिळाले, कारभार जवळ आला. तो हाती घेणे आपल्याकडे आहे.