जुन्या लष्करी गाड्या आणि आपला पत्राकामाचा धंदा
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या लोहार समाजाच्या मेळाव्यात शिक्षणावर अथवा विवाहातील खर्चावर बोलण्याचा प्रघात आहे. त्या विषयांचे महत्त्व मी जाणतो. माझी सारी हयात मुलांना शिकविण्यातच गेली. तथापि आज आपल्या पिढीजात धंद्याच्या एका शाखेकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा मी मागतो. ती शाखा म्हणजे जुन्या लष्करी गाड्या पूर्वस्थितीत आणण्यासाठी लागणारे पत्र्याचे भाग तयार करणे.

कोणी म्हणेल, "मास्तर, आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. येथे लष्करी गाड्या कोठल्या?" शंका रास्त आहे. पण गोठ्याच्या मागे किंवा एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यात विटांवर उभी असलेली जुनी जीप आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. त्या गाडीचे कुळ लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेतील विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडण्यास आरंभ केला. पुढे जबलपूरच्या सरकारी कारखान्यांतून शक्तिमान ट्रक निघाले, आणि १९६९ ते १९९९ पर्यंत जोंगा ही गाडी निघाली. सैन्याने निकालात काढलेल्या गाड्या लिलावातून नागरिकांच्या हाती आल्या.

या गाड्यांना केवळ लोखंडाच्या भावाने तोलणे योग्य नव्हे. १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी शत्रूचे रणगाडे फोडले, ते जीपवर बसविलेल्या तोफेने. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय स्थापन झाले. देशाची जुनी यंत्रे जपावीत, ही जाणीव त्यामागे आहे. खासगी मालकही आता जुन्या गाड्या हौसेने राखतात. २०२१ साली केंद्र सरकारने त्यांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या व चासी, बांधा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना हे नियम लागू होतात. मूळ रूप राखणे ही अशा प्रकारे कायद्याचीही अट झाली, आणि येथेच पत्र्याच्या कारागिराची गरज उत्पन्न होते.

गाडीचे इंजिन खोलून बसविणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. गाडी मरते ती बहुधा पत्र्याने. युद्धकालीन जीपच्या तळाखाली टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असत व त्यांतल्या काहींच्या पोकळीत लाकूड ठोकलेले असे. ते लाकूड ओल धरी आणि आतून गंज चढे. आपल्याकडील काळ्या मातीचा चिखल अशा पोकळीत शिरला की तो दिवाळीपर्यंत सुकत नाही. वरून रंग शाबूत दिसतो आणि खालचा पत्रा पापडासारखा चुरतो.

असे भाग मुळात प्रेसमध्ये, म्हणजे नर व मादी साच्यांमध्ये पत्रा दाबून काढीत. याची एक मनोरंजक हकीकत आहे. सुरुवातीच्या सुमारे २५ हजार विलिस जीपांची समोरची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. फोर्ड कंपनीने तीच जाळी एका पत्र्यातून दाबून, नऊ उभ्या फटी पाडून तयार केली. ती हलकी व स्वस्त पडली, म्हणून विलिसनेही १९४२ साली तिचाच स्वीकार केला. पत्र्यावर उठविलेली पन्हळ शोभेसाठी नसते. सपाट पत्रा हाताने दाबला तर लवतो. त्यातच दोन पन्हळी उठविल्या की जाडी न वाढविता तो ताठ होतो. शाळेतल्या मुलाला वहीचा कागद घडी घालून उभा करून दाखवावा, म्हणजे हे तत्त्व तत्काळ कळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पोलादी साच्यांची जोडी करण्यास खर्च फार. हजारो नग काढावयाचे असतील तेव्हाच तो भरून निघतो. जुन्या गाडीच्या मालकाला मात्र एक किंवा दोन नग हवे असतात. त्याच्यासाठी कोणता मोठा कारखाना प्रेस थांबवील? फिलिपाइन्समध्ये युद्धकालीन जीपचे संपूर्ण बांधे नव्याने तयार होऊन परदेशी जातात, आणि हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर जीप बांधण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. परंतु यवतमाळच्या किंवा पुसदच्या माणसाला एका मडगार्डाची कड हवी असेल, तर त्याला हातोडा चालविणारा मनुष्यच शोधावा लागतो. जेथे हजार नग हवेत तेथे प्रेसचे राज्य आहे. जेथे दोनच हवेत ते क्षेत्र आजही आपले आहे.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. प्रथम गंजलेला भाग फेकून न देता त्याची बाह्यरेषा जाड पुठ्ठ्यावर घ्यावी. पत्र्याची जाडी शाबूत जागी मायक्रोमीटरने मोजावी. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मि.मी. व १६ गेजचा सुमारे १.६ मि.मी. असतो, हा फरक डोळ्यांना कळत नाही, पण बसविताना कळतो. मग बाभूळ अथवा तिवस यांसारख्या कठीण लाकडाचा ठोकळा त्या आकाराचा तासावा, पत्रा त्यावर घट्ट आवळावा आणि लाकडी मोगरीने थोडाथोडा वळवीत न्यावा. एका जागी जोर केला तर पत्रा ताणून पातळ होतो. ठोकून कडक झालेला पत्रा तापवून लाल करावा व सावकाश निवू द्यावा, म्हणजे तो पुन्हा नरम येतो. वळविलेला पत्रा किंचित मागे उसळतो, म्हणून काटकोन हवा असेल तर एक-दोन अंश अधिक वळवावे लागते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मुलामा न काढता वेल्डिंगला घेऊ नये. त्याचा धूर छातीस बाधतो.

हाताच्या या कौशल्याला गणिताची जोड लागते. समजा, १.२ मि.मी. पत्र्याला ३ मि.मी. आतील त्रिज्येने काटकोन द्यावयाचा आहे. दोन्ही बाजू बाहेरून मोजून बेरजेइतका पत्रा कापला, तर तो सुमारे पावणेतीन ते तीन मि.मी. जास्त होतो, कारण पत्रा कोपऱ्यापर्यंत न जाता वळणाने जातो. पट्टीला दोन काटकोन असले की चूक दुप्पट, म्हणजे जवळजवळ सहा मि.मी. आणि मग बोल्टाची छिद्रे जुळत नाहीत. आपले वृद्ध कारागीर ही वजावट अनुभवाने बरोबर करतात. त्यांना सूत्र विचारले तर ते हसतात. दुःखाची गोष्ट अशी की ते गेले म्हणजे त्यांची वजावटही त्यांच्याबरोबर जाते.

मी अनेक वर्षे पाहत आलो की आपली मुले वर्गात वडिलांचा धंदा सांगताना आवाज खाली घेत. कोणी शिपायाची नोकरी धरली, कोणी पुण्याच्या कारखान्यात कंत्राटी कामावर गेला. पोटासाठी गेले, त्यांना दोष देणारा मी कोण? पण ज्याच्या घरी ऐरण आहे आणि ज्याला त्रिज्या व कोन कळतो, असा मुलगा दोन्ही बाजूंनी श्रीमंत आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. आय.टी.आय.मध्ये शीट मेटल वर्करचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो शिकलेला मुलगा आजोबांच्या शेजारी सहा महिने बसला, तर जे हात तयार होतील ते नुसत्या शाळेतही होणार नाहीत आणि नुसत्या भात्यापाशीही होणार नाहीत.

एक इशारा मात्र देतो. जुन्या भागांना पारखी लोक फार मान देतात. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवरदेखील इंग्रजी एफ अक्षर उठविले होते, आणि आज त्यावरून गाडीची ओळख पटविली जाते. आपण केलेल्या नव्या भागावर असा जुना ठसा उठवून तो मूळचा म्हणून विकण्याचा मोह होईल. तसे कोणी करू नये. आतल्या बाजूस, दिसणार नाही अशा जागी, आपले चिन्ह व साल कोरावे आणि गिऱ्हाइकास तसे सांगावे. आपल्या वाडवडिलांनी केलेला विळा कोणाचा हे गाव धार पाहून ओळखी. तीच प्रतिष्ठा येथेही मिळवावी.

शेवटी माझी विनंती दोन गोष्टींची आहे. घरात जुने ठोकळे, नमुने किंवा पुठ्ठे पडले असतील तर ते चुलीत घालू नका. त्यांवर गाडीचे नाव, पत्र्याची जाडी व मापे लिहून ठेवा. आणि समाजाच्या कार्यालयात अशा नमुन्यांसाठी एक कपाट असावे, जेणेकरून वणीच्या कारागिराने घेतलेले माप दारव्ह्याच्या मुलाला उपयोगी पडेल. खर्च एका कपाटाचा आणि एका वहीचा आहे. ती वही लिहिण्यास माझे अक्षर चालणार असेल, तर मी आनंदाने हजर राहीन.