शेजाऱ्याचं रीडिंग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



बारावी सायन्स केलेल्या कुणालाही मध्यरात्री उठवून विचारा, 'केएमएनओफोरच्या टायट्रेशनचा एंड पॉइंट काय?' डोळे न उघडता उत्तर येईल, 'कलरलेस टू पिंक'. पण पुढे विचारलंत, 'तुझं रीडिंग किती आलं होतं?' तर तो माणूस झोपेतही हसेल. कारण ते बहुधा त्याचं नसतंच. शेजारच्या टेबलावरून आलेलं असतं, आणि शेजाऱ्याकडे ते त्याच्या शेजाऱ्याकडून आलेलं असतं.

मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली निम्मी तरी प्रयोगशाळेत, त्या न संपणाऱ्या वासात गेली. आज त्या प्रयोगशाळेबद्दल आणि मला नीट वाचता न आलेल्या एका आकड्याबद्दल बोलणार आहे.

ज्यांनी कॉमर्स किंवा आर्ट्स केलं त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. टायट्रेशनला पाठ्यपुस्तकी मराठीत अनुमापन म्हणतात. बुरेट म्हणजे खाली तोटी असलेली, मिलिलिटरच्या खुणा केलेली उभी काचेची नळी. तिच्यात पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण भरायचं. खाली शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये पिपेटनं मोजून १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल घ्यायचं, त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि फ्लास्क हाताला जेमतेम सोसवेल इतका गरम करायचा. मग एका हातानं तोटी सोडायची आणि दुसऱ्या हातानं फ्लास्क गोल गोल फिरवत राहायचा.

इथे एक गंमत होते. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग जातच नाही. नवखी मुलं ओरडतात, 'सर, एंड पॉइंट आला!' आलेला नसतो. या अभिक्रियेत मँगनीजचे जे आयन तयार होतात, तेच पुढच्या अभिक्रियेला वेग देतात. म्हणजे सुरुवातीला वेग देणारं कुणी नसतं. पहिले काही थेंब रेंगाळतात, मग पुढचे पडता क्षणी नाहीसे होऊ लागतात. शेवटी एक थेंब असा येतो की सगळं पाणी अगदी फिकट गुलाबी होतं आणि अर्धा मिनिट तसंच राहतं. तिथे तोटी बंद. एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर. एवढ्याशा थेंबावर उत्तर ठरतं, म्हणून फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवायची. परमँगनेट इतकं गडद असतं की त्याच्या पृष्ठभागाचा खालचा वळसा दिसत नाही, म्हणून रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं. असं तीनदा करायचं. तिन्ही वेळा तोच आकडा आला तर तो तुमचा.

बुरेट आणि पिपेट ही नावं गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १८२४ मध्ये रूढ केली. पुढे जर्मनीत कार्ल फ्रीडरिख मोर यानं १८५५ मध्ये अनुमापनावर मोठा ग्रंथ लिहून ही पद्धत पक्की केली. मुलं ज्याला 'मोर्‌स सॉल्ट' म्हणतात तो क्षार याच मोरचा. आमच्या वर्गात दरवर्षी एखादा तरी त्याचा संबंध पक्ष्याशी लावायचाच.

दुसरा प्रयोग सॉल्ट अ‍ॅनालिसिसचा. एका पुडीत चमचाभर पूड मिळते. त्यात एक धन आयन, एक ऋण आयन. ते ओळखायचे. माझ्या मते शाळा-कॉलेजात शिकवला जाणारा हा सर्वांत देखणा प्रयोग. कार्ल फ्रेसेनियस नावाच्या जर्मन तरुणानं बावीस वर्षांचा असताना, १८४१ मध्ये, या पृथक्करणाची पद्धतशीर मांडणी पुस्तकात केली आणि गटागटानं पुढे जाण्याची ती रीत जगभर शिकवली गेली. तिच्यात एक पायरीही विनाकारण नाही. अमोनियम आधीच तपासायचा, कारण पुढे आपणच अमोनियमचे क्षार घालणार असतो. नंतर तपासला तर आपलीच पावलं मोजल्यासारखं होईल. तिसऱ्या गटाआधी द्रावण उकळून हायड्रोजन सल्फाइड घालवायचा, मग नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून फेरसचं फेरिक करून घ्यायचं, नाहीतर लोह नीट सापडत नाही.

तो हायड्रोजन सल्फाइड! कोपऱ्यातल्या किपच्या उपकरणातून सडक्या अंड्यांचा वास सुटायचा आणि दोन मजले वर मराठीचा तास चालू असलेल्या बाईंना कळायचं, की आज खाली दुसरा गट चालू आहे. तो वायू विषारी आहे आणि प्रमाण वाढलं की नाकाला वास येईनासा होतो. ही गोष्ट आम्ही त्या काळी मुलांना पुरेशा गांभीर्यानं सांगत नव्हतो, हे कबूल करायला हवं. तसंच पिपेट तोंडानं ओढायला लावायचो. आज तसं कुणी करू नये.

मुलांची स्वतःची भाषा होती. अवक्षेप हा शब्द पुस्तकात, प्रेसिपिटेट हा जर्नलमध्ये, आणि तोंडात 'पीपीटी'. 'सर, व्हाइट पीपीटी आला.' सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर दही विरजल्यासारखा पांढरा साका आला आणि तो अमोनियात विरघळला, की क्लोराइड. शिसं असेल तर पोटॅशियम आयोडाइडनं पिवळाधमक साका. तो गरम पाण्यात विरघळवून थंड होऊ दिला, की परीक्षानळीत सोन्याची चकाकती पानं हळूहळू खाली येतात. ते पाहताना वर्गातला सगळ्यात दांडगट मुलगाही गप्प होतो. नायट्रेटसाठी तपकिरी कड्याची परीक्षा. फेरस सल्फेटचं ताजं द्रावण घ्यायचं, परीक्षानळी तिरकी धरायची आणि काठाकाठानं तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडं उमटतं. हात हलला की कडं गेलं. उतावळ्या मुलांना नायट्रेट कधी सापडला नाही.

सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवर आठवडाभर राहायचे. निवडणुकीत बोटाला लावतात त्या शाईतही हाच असतो. कुणी प्रयोग केला आणि कुणी नुसताच लिहिला, हे मी पुष्कळदा बोटं पाहून ओळखत असे.

कारण नुसतं लिहिणाऱ्यांची संख्या मोठी होती. निळे खडे दिसले की कॉपर, फिकट हिरवे दिसले की फेरस, पुडीत पाणी सुटलं की मॅग्नेशियम क्लोराइड. उत्तर आधी ठरायचं आणि मग सगळ्या परीक्षा त्याला जुळतील अशा जर्नलमध्ये उतरायच्या. काही ठिकाणी लॅबमधले मामाच कानात सॉल्टचं नाव सांगायचे. टायट्रेशनमध्ये पहिल्या हुशार मुलाचं रीडिंग दहा मिनिटांत लॅबभर फिरायचं. आम्हा शिक्षकांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. आम्ही तपासताना काय बघत होतो? आकडा आमच्या वहीतल्या आकड्याशी जुळतो का, एवढंच. जुळला की पूर्ण गुण. मग मुलांनी जुळवायचं नाही तर काय करायचं?

आता ती १९९४ ची गोष्ट. फेब्रुवारी महिना. तालुक्याच्या एका गावी मी एक्स्टर्नल म्हणून गेलो होतो. वीस मुलांची शेवटची बॅच. ऑक्झॅलिक आम्ल विरुद्ध परमँगनेट. वहीतलं अपेक्षित रीडिंग ९.८. एकोणीस मुलांनी ९.८ लिहिलं होतं. शेवटच्या टेबलावरच्या एका मुलीनं लिहिलं होतं ९.१. तिन्ही वेळा ९.१.

मी विचारलं, ''सगळ्यांचं ९.८ आलंय, तुझंच कसं ९.१?''

ती म्हणाली, ''सर, तीनदा तेवढंच आलं.''

''जरा काळजीपूर्वक करायला हवं होतं,'' मी म्हणालो आणि तीन गुण कापले. ती आणखी काहीच बोलली नाही. बुरेट धुऊन, स्टँडला उलटी लावून निघून गेली.

गुणपत्रिका लिहून झाल्या, पाकिटांवर लाख लागली. माझ्या एसटीला तासभर अवकाश होता. मामा चहा आणायला गेले आणि मी उगाच टेबलांमधून फिरत होतो. चुकणाऱ्या मुलांची रीडिंग सहसा एकासारखी दुसरी येत नाहीत. ९.४, ८.९, ९.७ अशी येतात. तिन्ही वेळा ९.१ हे चुकल्याचं लक्षण नव्हतं. हे मला तेव्हा, गुण दिल्यावर सुचलं. शेवटच्या टेबलावरची ऑक्झॅलिकची बाटली उचलली, एक बुरेट पुन्हा भरली आणि टायट्रेशन केलं. ९.१. पुन्हा केलं. ९.१. पुढच्या टेबलावरची बाटली घेतली. ९.८.

चहा घेऊन आलेल्या मामांना विचारलं. ते सहज म्हणाले, ''ती बाटली सकाळी धुतली होती सर, घाईत निथळायची राहिली असंल.'' मी कागदावर हिशेब केला. पाचशे मिलिलिटरच्या बाटलीत साधारण छत्तीस मिलिलिटर पाणी राहिलं असेल, तर ९.८ चं ९.१ होतं. एवढंसं पाणी त्या मुलीनं बरोबर पकडलं होतं. त्या टेबलावर तिच्याबरोबर आणखी दोघं होते. तीच बाटली वापरून त्यांनी ९.८ लिहिलं होतं आणि मी त्यांना पूर्ण गुण दिले होते.

तुम्ही विचाराल, मग पाकीट उघडलंत का? नाही उघडलं. लाख लागली होती, सह्या झाल्या होत्या, प्राचार्य घरी गेले होते, एसटी यायची होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरेसं नाही. मी चहा प्यायलो आणि गाडीत बसलो. तीन गुणांनी त्या काळी कुणाचा कुठला प्रवेश हुकत असे, हे मला चांगलं माहीत होतं.

पुढे वर्गात लॉर्ड रॅले यांची गोष्ट सांगताना मला दरवेळी ती मुलगी आठवायची. रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि अमोनियापासून मिळवलेला नायट्रोजन यांच्या वजनात थोडासा फरक येत होता. पुन्हा पुन्हा मोजलं, तरी तेवढाच. त्यांनी १८९२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून सरळ विचारलं, की याचं कारण कुणाला सुचतं का? त्या फरकामागून १८९४ मध्ये आरगॉन सापडला आणि १९०४ मध्ये रॅले आणि रॅमसे या दोघांना नोबेल मिळालं. त्यांना कुणी 'जरा काळजीपूर्वक करा' म्हटलं नाही.

माझा एक विद्यार्थी आज दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे रोज दुधाची आम्लता टायट्रेशननंच काढतात. बुरेटमध्ये सौम्य कॉस्टिक सोडा, दुधात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, आणि फिकट गुलाबी झालं की थांबायचं. आकडा जास्त आला तर कॅन परत जातो आणि कुणाचं तरी त्या वेळचं दूध वाया जातं. तो एकदा म्हणाला, ''सर, इथे शेजारी नाही हो कुणी.'' आता तर प्रवेश परीक्षांमध्ये पर्यायी प्रश्न असतात. साक्याचा रंग पाठ असला की झालं, पाहिला नसला तरी चालतं. २०२१ मध्ये कोविडमुळे बारावीची परीक्षाच रद्द झाली. त्या वर्षीच्या कित्येक मुलांनी बुरेटची तोटी फिरवलेलीच नाही. त्यांतले काही आज कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत काम करत असतील.

मी स्वतःपुरता एक बदल केला. पुढच्या वर्षीपासून आमच्या कॉलेजात वर्षभराच्या प्रॅक्टिकलला वीस मुलांना वीस बाटल्या. प्रत्येकीवर क्रमांकाची चिठ्ठी, प्रत्येकीत वेगळं द्रावण. कुठल्या क्रमांकाचं रीडिंग किती, हे फक्त माझ्या वहीत. मामांचं काम वाढलं, ते आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मुलं तर भयंकर वैतागली. शेजाऱ्याकडे बघून उपयोगच नाही! पहिल्या महिन्यात आकडे वाटेल तसे येत होते. दिवाळीनंतर सुधारले.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी एक मुलगा सात नंबरची बाटली घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. वहीत होतं १०.६, त्यानं लिहिलं होतं ८.४. मी म्हटलं, ''चुकलंय, पुन्हा कर.'' गेला, पुन्हा तीनदा करून आला. ''८.४ च येतंय सर.'' मी वहीकडे पाहिलं. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, ''सर, एकदा तुम्हीच करून बघा ना.''

मी उठलो. बुरेट भरली. वीस मुलं आपापलं काम सोडून भोवती गोळा झाली. ८.४ ला गुलाबी रंग आला आणि राहिला.

मामांना हाक मारली. त्यांनी बाटली उजेडात धरून चिठ्ठी वाचली, मग पलीकडच्या टेबलावरची दुसरी बाटली उचलली आणि म्हणाले, ''सर, सात आणि सतराची अदलाबदल झालीय बहुतेक.''

सतरा नंबरवाल्या मुलीला विचारलं, ''तुझं किती आलं गं?''

''१०.६, सर. पण तुमच्या वहीत काय आहे ते माहीत नव्हतं, म्हणून तसंच लिहिलं.''