आदर्श नगरीची कसोटी
(नवी मुंबई येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुखी समाजाचे चित्र ग्रंथकारांनी पुष्कळ वेळा रंगविले आहे. मी व्यवसायाने वकील. कोणताही दस्तऐवज हाती आला की त्याचा बोजा कोणावर पडतो, हे मी आधी पाहतो. ही चित्रेही आपण त्याच दृष्टीने पाहू या.

थॉमस मोर या इंग्रज कायदेपंडिताचा ‘युटोपिया’ हा लॅटिन ग्रंथ १५१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बेटावर खाजगी मालमत्ता नाही, कोणी उपाशी नाही, आणि काम दिवसाला अवघे सहा तास. वाचून मन प्रसन्न होते. पण पुढे वाचा. जनावरे कापण्याचे काम तेथील नागरिक करीत नाहीत; ते गुलामांकडून, आणि तेही नगराबाहेर, करवून घेतले जाते. याचा अर्थ आपणांस कोणी समजावून सांगावयास नको.

उलट चित्र आल्डस हक्स्ले यांच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत आहे. तेथे माणसे जन्मापूर्वीच पाच वर्गांत वाटली जातात आणि आपल्याच वर्गात सुख मानण्याचे धडे त्यांना झोपेत दिले जातात. लेखकाने जे भविष्यातील भय म्हणून लिहिले, ती जन्माची उतरंड आपल्या पूर्वजांनी प्रत्यक्ष भोगली.

मग आदर्श राज्य ओळखावे कसे? ज्याच्यावर बोजा पडतो त्याला ‘नाही’ म्हणता येते काय, आणि त्याची दाद घेणारे कोणी आहे काय, ही माझी कसोटी. डॉ. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत, न्यायालयात दाद मागण्याच्या तरतुदीस घटनेचा आत्मा म्हटले, ते याच कारणाने. आज ती अनुच्छेद ३२ आहे.

आपले हे शहरही आधी कागदावर आखले गेले. सिडकोची स्थापना १९७० ची. ज्यांच्या शेतांवर ते उभे राहिले, त्यांनी योग्य मोबदल्यासाठी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के भूखंडाची योजना त्यानंतरची आहे.

जोतीराव फुले यांनी मात्र आदर्श समाज एका घरात पाहिला. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असून सर्वजण एकमेकांचा द्वेष न करता नांदतात. तेथे प्रत्येकाला स्वतःचे मत आहे.

आपणही नुकतेच नवे घर मांडले आहे. आज रात्री त्यालाही ही कसोटी लावा. घरातील कष्टाचे काम कोणाच्या वाट्यास येते? शिक्षणाचा खर्च आधी कोणावर होतो? आपल्या लेकीस, सुनेस ‘नाही’ म्हणता येते काय? उत्तर देताना संकोच वाटला, तर दुरुस्ती तेथूनच सुरू करा.

जय भीम.