पाचवं कारण

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"काकू, देवावरच्या श्रद्धेबद्दल दोन शब्द बोला," असं सेक्रेटरींनी सांगितलं. मी काही कीर्तनकार नाही. म्हणून आपल्या बिल्डिंगमधलंच सांगते.

26 जुलै 2005, मंगळवार. सोसायटीला तेव्हा पाच वर्षं झाली होती. दुपारनंतर कलिन्यात पाणी चढायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत तळमजल्याच्या खिडक्यांना टेकलं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला मात्र जेमतेम 73. आकडे नंतर कळले, पण आमच्या घरची सगळी काळजी त्या फरकातच होती. आमचे 'हे' फोर्टात नोकरीला. तिकडे नेहमीसारखाच पाऊस, म्हणून हे निर्धास्तपणे घरी यायला निघाले. इकडे लोकल बंद, फोन बंद, लाइट गेलेले.

मी समई लावून देवापुढे बसले आणि नवस बोलायला लागले. सत्यनारायण घालीन, सोळा सोमवार करीन, सिद्धिविनायकाला चालत जाईन. एकेक वाढवतच होते. भाजीवालीशी करावी तशी घासाघीस चालली होती. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. जुन्या मंडळींना त्या आठवत असतील. म्हणाल्या, "देवाला सांगून झालं ना? मग आता ऊठ. तळमजल्याची माणसं जिन्यात बसली आहेत, पोरं उपाशी आहेत. तुझ्याकडे गॅस आहे, तांदूळ आहेत."

मी उठले. मेणबत्तीच्या उजेडात मोठं पातेलंभर खिचडी टाकली. चौदा माणसं जेवली. माझी सात वर्षांची लेक पापड वाढत होती. काळजी गेली नव्हती, पण हात कामाला लागले आणि रात्र सरली.

हे दुसऱ्या दिवशी दुपारी आले, चपला हातात घेऊन, चिखलाने माखलेले. माहीमला एका अनोळखी घराने त्यांना रात्री आत घेतलं होतं, जेवू घातलं होतं. मी इथे जिन्यात वाढत होते तेव्हा तिथे कोणीतरी यांना वाढत होतं.

सगळे म्हणाले, देवाने तुझं ऐकलं. मीही तसंच सांगत राहिले, 2021 पर्यंत.

त्या एप्रिलमध्ये यांना कोरोना झाला. मी घरात अडकलेली, हे हॉस्पिटलमध्ये. समई तीच, देव तोच, नवसही तेच. डॉक्टरांनी प्रयत्नांत काही कमी ठेवलं नाही. नवव्या दिवशी फोन आला. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

खरं सांगते, त्यानंतर कित्येक महिने मी देवाशी बोलले नाही.

पण त्या दिवसांत रोज दाराबाहेर डबा यायचा. बेल वाजायची, दार उघडेपर्यंत माणूस निघून गेलेलं. एक दिवस डब्यात खिचडी निघाली. तेव्हा नुसतीच रडले. पुढे कधीतरी आजी आठवल्या. त्या रात्री 'तुझा नवरा नक्की येईल' असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या होत्या, 'ऊठ.'

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कामाची पाच कारणं सांगितली आहेत. जागा, करणारा, साधनं, खटपट आणि पाचवं दैव. त्या पाचव्यावर आपली सत्ता नाही. पाऊस किती पडावा, कोणाचा श्वास किती टिकावा, हे आपल्याला विचारून ठरत नाही. मी आयुष्यभर त्या पाचव्याशीच भांडत होते, नाहीतर त्याला लाच देत होते. आता ते त्याच्यावर सोपवते. आणि बाकीच्या चारांतलं जे माझ्या हातात आहे ते करते. मागितलेलं मिळेलच, असा माझा विश्वास आता नाही. नाही मिळालं तरी उठायचं बळ तो देईल, एवढा मात्र आहे. आणि ते बळ बरेचदा शेजारच्या दारातून येतं, हे मी दोनदा पाहिलंय.

ते डबे कोणाकोणाचे होते ते मला आजही पूर्ण माहीत नाही. तुमच्यापैकीच कोणी असाल. तेव्हा आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते.

आता बसते. मसाला दूध गार होतंय.